काळा विनोद, चावट विनोद आणि ‘अभद्र’ हा शब्द

प्रश्न एका चित्रपटप्रेमी वाचकाचा आहे. त्यांना दोन प्रकारचे विनोदी चित्रपट मनापासून आवडतात. पहिल्या प्रकारात खून, युद्ध, प्रेत अशा गोष्टींवर प्रेक्षक हसतो. उदाहरणे म्हणून त्यांनी ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ (१९६४), ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आणि ‘फार्गो’ (१९९६) ही नावे दिली आहेत. दुसऱ्या प्रकारात शरीर, शरीरसंबंध आणि चारचौघांत न बोलण्याचे देहधर्म यांवर हशा पिकवलेला असतो. तेथे ‘देअर्ज समथिंग अबाउट मेरी’ (१९९८), ‘ब्राइड्समेड्स’ (२०११) आणि ‘डेल्ही बेली’ (२०११) ही नावे आहेत. पहिल्यांना ‘काळे विनोदी चित्रपट’ आणि दुसऱ्यांना ‘अश्लील विनोदी चित्रपट’ म्हणावे का, आणि या दोन्हींना कवेत घेणारा एखादा शब्द मराठीत आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रकाराबद्दल आधी लिहितो, कारण तेथे मराठीची अडचण शब्दटंचाईची नसून शब्दांच्या गर्दीची आहे. चावट, वात्रट, आचरट, फाजील, पाचकळ, द्व्यर्थी, ओंगळ, अश्लील असे शब्द आपण सर्रास वापरतो, आणि घाईत ते एकमेकांच्या जागी खपवलेही जातात. पण प्रत्येकाचा रोख निराळा आहे. ‘पाचकळ’ हा शब्द विषयाबद्दल काहीच सांगत नाही, विनोद फसला एवढेच सांगतो; अत्यंत सोज्ज्वळ विनोदही पाचकळ असू शकतो. ‘आचरट’ म्हणजे ताळतंत्र नसलेला. ‘वात्रट’मध्ये खोडी असते, पण ती शारीरिकच असली पाहिजे असे नाही, आणि ‘वात्रटिका’ हा शब्द रुळल्यापासून तर त्याचे नाते राजकीय टोमण्याशी अधिक जुळले आहे. ‘आंबटशौकीन’ हे विशेषण चित्रपटाला लावता येत नाही. ते त्याच्या प्रेक्षकाला लावायचे असते, म्हणजे प्रश्नकर्त्यांना आणि मला. (‘हिरवट म्हातारा’ या प्रयोगाचे मला नेहमी नवल वाटते, कारण स्पॅनिश भाषेतही अशा म्हाताऱ्याला हिरवा म्हातारा आणि चावट विनोदाला हिरवा विनोद म्हणतात. इंग्रजीने त्याच कामासाठी निळा रंग का निवडला असावा, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.)

उरतात ‘चावट’ आणि ‘अश्लील’. या दोघांमधला फरक विषयाचा नाही, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याचा आहे. ‘चावट कुठला!’ असे जो म्हणतो, तो बहुधा आधीच हसू दाबत असतो. म्हणूनच हा शब्द लहान मुलालाही लावता येतो. ‘अश्लील’ म्हणणारा मात्र हसत नाही. त्याने निकाल दिलेला असतो. जो चित्रपट आपल्याला आवडतो, त्याला आपणच ‘अश्लील विनोदी’ म्हणणे म्हणजे आपल्या आवडीवर स्वतःच खटला भरण्यासारखे आहे. वाचकांनी त्यांच्या यादीसाठी ‘चावट’ हाच शब्द घ्यावा, असे माझे मत आहे.

मात्र त्यांच्या यादीतील सर्व काही चावट नाही. ‘ब्राइड्समेड्स’मधील ज्या प्रसंगासाठी तो चित्रपट लक्षात राहतो, तो पाहा. उंची वस्त्रांच्या अतिशय देखण्या, शुभ्र दुकानात वधू आणि तिच्या मैत्रिणी पोशाख घालून बघत आहेत. दुपारचे जेवण पोटात बिघडले आहे. एकीमागून एकीचा धीर सुटतो आणि अखेर पांढरा लग्नाचा झगा ल्यालेली वधू भर रस्त्यात हळूहळू खाली बसते. यात शृंगार औषधालाही नाही, मग चावटपणा कोठून असणार? ‘डेल्ही बेली’च्या कथानकाची कळ तर हिऱ्यांच्या जागी तपासणीसाठी दिलेला शौचाचा नमुना पोहोचतो, या अदलाबदलीत आहे. असल्या विनोदाला ‘ओंगळ’ किंवा ‘किळसवाणा’ हे शब्द अचूक बसतात, आणि ते शिव्या म्हणून नव्हे, तर प्रकाराचे नाव म्हणून वापरायला हरकत नसावी.

‘द्व्यर्थी’ हा शब्दही येथे चालत नाही, असे सांगितले पाहिजे, कारण वृत्तपत्रांतील परीक्षणे तो सढळ हाताने वापरतात. द्व्यर्थी विनोदाला आडपडदा लागतो. दादा कोंडके यांच्या संवादांत वरचा अर्थ इतका निरागस असतो की हसणाराच दोषी ठरतो. तो विनोद मराठीच्या शब्दांत राहतो आणि दुसऱ्या भाषेत नेला की मरतो. ‘देअर्ज समथिंग अबाउट मेरी’त केसांना लावलेल्या त्या पदार्थाचा प्रसंग आहे, त्याला दुसरा अर्थ नाही, जे आहे ते डोळ्यांसमोर आहे, फक्त नायिकेला ते ठाऊक नाही. पडदा काढून टाकलेल्या विनोदाला द्व्यर्थी म्हणणे हा श्लेषावर अन्याय आहे.

आता पहिला प्रकार. ‘काळा विनोद’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे भाषांतरातून आला. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच साहित्यिकाने १९४० साली अशा लेखनाचे एक संकलन सिद्ध केले, तेव्हापासून ‘काळा’ हे विशेषण युरोपीय भाषांत विनोदाला पक्के चिकटले. ब्रेतोंने या परंपरेचे जनकत्व जोनाथन स्विफ्टकडे दिले होते, आणि १७२९ साली गरिबांची मुले खाण्यासाठी विकावीत असा साळसूद प्रस्ताव मांडणाऱ्या लेखकाला ते शोभतेही.

परंतु मराठीत ‘काळा’ हे विशेषण अमूर्त नामाला लागले की त्याचा अर्थ बहुधा बेकायदा असा होतो. काळा पैसा, काळा बाजार, काळे धंदे या मालिकेत ‘काळा विनोद’ बसवला, तर नवख्या वाचकाला तो चोरून सांगायचा विनोद वाटतो, म्हणजे नेमका दुसऱ्या यादीतला. ‘कृष्णविनोद’ असा संस्कृत वेश चढवल्यास घोटाळा वाढतो. गोकुळातील लोणीचोरीच डोळ्यांसमोर उभी राहते. ‘कृष्णविवर’ आणि ‘कृष्णधवल’ हे शब्द टिकले, कारण तेथे काळेपण खरोखरीचे आहे.

रंगांचा विषय निघालाच आहे, तर भरताच्या नाट्यशास्त्राकडे पाहणे मनोरंजक ठरते. तेथे प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे, आणि हास्याचा रंग आहे पांढरा. काळा रंग भयानकाकडे गेला आहे, आणि शृंगाराकडे श्याम. म्हणजे ‘काळा विनोद’ हा शब्द भरताच्या भाषेत शब्दशः वाचला, तर भयानकात बुडवलेले हास्य असाच अर्थ निघतो, आणि तो चूक नाही. पण ‘श्यामविनोद’ असे कोणी सुचवील, तर त्याला सावध करावे लागेल, कारण त्या हिशेबाने तो चावट विनोद होईल. शृंगारातून हास्य उत्पन्न होते, हेही भरतानेच सांगून ठेवले आहे, त्यामुळे चावट विनोदाची वंशावळ अगदी स्वच्छ आहे. काळ्या विनोदाची तशी नाही. विश्वनाथाच्या चौदाव्या शतकातील साहित्यदर्पणात हास्याचे विरोधी म्हणून दोनच रस सांगितले आहेत, भयानक आणि करुण. आणि प्रश्नकर्त्यांच्या पहिल्या यादीतील तिन्ही चित्रपट या दोन निषिद्ध रसांशीच हास्याचा संसार मांडतात.

तो संसार कसा चालतो, हे ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मधील दूरध्वनीच्या प्रसंगात दिसते. अमेरिकेची विमाने अणुबॉम्ब घेऊन रशियाकडे निघाली आहेत, आणि अमेरिकेचे अध्यक्ष मद्य प्यालेल्या सोव्हिएत पंतप्रधानांना ही बातमी देत आहेत. स्वर असा, की जणू शेजाऱ्याच्या कुंपणाला गाडी घासली आहे. थोड्याच वेळात दोघांमध्ये वाद जुंपतो तो या गोष्टीवर, की झाल्या प्रकाराबद्दल अधिक वाईट कोणाला वाटते आहे. जग बुडत असताना शिष्टाचार तेवढा तरंगत राहतो. या प्रसंगाला ‘उपरोध’ किंवा ‘उपहास’ म्हणून भागत नाही, कारण उपहास करणारा सुरक्षित उंचीवर उभा असतो. येथे ती उंची कोणालाच मिळत नाही, प्रेक्षकालाही नाही. ‘जाने भी दो यारो’मध्ये आयुक्तांचे प्रेत द्रौपदीच्या वेशात रंगमंचावर उभे राहते, तेव्हा आपण पोट धरून हसतो, आणि चित्रपट संपताना निरपराध नायक तुरुंगात जातात, तेव्हा त्याच हसण्याची किंमत आपल्याकडून वसूल केली जाते. ‘फार्गो’त लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रातून वर आलेला, मोजा घातलेला एक पाय आहे, मला तो पहिल्या वेळी हसू आणणारा वाटला नव्हता, दुसऱ्या वेळी वाटला, आणि हे मान्य करताना अजूनही थोडा संकोच होतो.

या संकोचालाच जुन्या अलंकारशास्त्राने नाव दिले होते, आणि वाचकांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. अकराव्या शतकातील मम्मटाच्या काव्यप्रकाशात काव्यदोषांची चर्चा आहे. त्यात ‘अश्लील’ हा दोष तीन प्रकारचा सांगितला आहे, लाज उत्पन्न करणारा, किळस उत्पन्न करणारा आणि अमंगल सुचवणारा. पहिल्याचे उदाहरण ‘साधन’ हा शब्द, ज्याचा सरळ अर्थ सैन्य आणि आडवा अर्थ भलताच. दुसऱ्याचे उदाहरण ‘वायू’, आणि येथे काही समजावून सांगण्याची गरज नाही. तिसऱ्याचे उदाहरण ‘विनाश’: कवीला दिसेनासे होणे म्हणायचे आहे, पण शब्दातून मरण डोकावते. चावट, ओंगळ आणि काळा हे तिन्ही विनोद, म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या दोन्ही याद्या, या एका शब्दाच्या पोटात मावत होत्या. पुढे मराठीत ‘अश्लील’ने पहिला अर्थ घट्ट धरला, दुसरा सैल सोडला आणि तिसरा पूर्णपणे टाकून दिला. आज खुनावरच्या विनोदाला अश्लील म्हटले, तर ऐकणारा गोंधळेल. म्हणून दोन्हींना कवेत घेणारा शब्द होता, पण आता तो त्या कामाचा राहिलेला नाही.

टाकून दिलेला तो तिसरा अर्थ मात्र नाहीसा झाला नाही. मराठीने तो दुसऱ्या शब्दाकडे सोपवला. कोणी हसत हसत मरणाची भाषा केली, की ऐकणारा चटकन म्हणतो, ‘अभद्र बोलू नकोस.’ या वाक्यात जो ‘अभद्र’ आहे, तो बीभत्स नाही, चावट नाही, उद्धटही नाही. जे बोलू नये ते मरण बोलून दाखवले, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि काळा विनोद नेमके तेच करतो. ‘अभद्र विनोद’ हा शब्द मला म्हणूनच ‘काळ्या विनोदा’पेक्षा सरस वाटतो. तो ऐकताक्षणी कळतो, त्याला पाठीमागे भाषांतर लागत नाही, आणि त्यात बोलणाऱ्याची भीती व हसू दोन्ही टिकून राहतात. अशा बोलण्याची मराठीला सवय नाही, असेही नाही. ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ आणि ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हे प्रयोग आपण वापरून इतके गुळगुळीत केले आहेत की त्यांतले प्रेत आपल्याला दिसतच नाही. परकीय माणसाला त्यांचा शब्दशः अर्थ सांगून पाहावा, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते.

या सूचनेत एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हिंदीच्या प्रभावाने अलीकडे ‘अभद्र टिप्पणी’, ‘अभद्र वर्तन’ असे प्रयोग बातम्यांत येतात, आणि तेथे ‘अभद्र’चा अर्थ असभ्य असा असतो. हा अर्थ पुरता रुजला, तर ‘अभद्र विनोद’ पुन्हा चावट विनोदाच्याच रांगेत जाऊन बसेल. त्यामुळे छापील परीक्षणात तूर्त ‘काळा विनोद’ किंवा सरळ ‘ब्लॅक कॉमेडी’ लिहिणे सोयीचे आहे; मी स्वतः मित्रांशी बोलताना ‘अभद्र’ वापरतो, आणि आजवर कोणी अर्थ विचारलेला नाही.

राहिला व्याकरणाचा प्रश्न. ‘काळा विनोदी चित्रपट’ ही रचना टाळावी, कारण त्यात ‘काळा’ हे विशेषण ‘चित्रपट’ या नामाला लागते, आणि चित्रपटच काळा ठरतो. ‘काळ्या विनोदाचा चित्रपट’ अशी षष्ठी घ्यावी. ‘काळी कॉमेडी’ कानाला खटकते, तेथे इंग्रजी जोडी अखंड ठेवून ‘ब्लॅक कॉमेडी’ स्त्रीलिंगी वापरावी. ‘चावट’ला ही अडचण नाही. तो लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, आणि ‘चावट विनोदी चित्रपट’ या रचनेत चित्रपट चावट आहे की विनोद, याने अर्थाला काहीच बाधा येत नाही.