बिबट्याचा अभ्यास करून पोट भरतं का?

प्रश्न : ताई, आमचा ऊस आहे संगमनेर भागात. पोरगी बारावी सायन्सला, आणि म्हणते मेडिकल नको, बिबट्यावर अभ्यास करायचाय. आम्ही रात्री मोटर चालू करायला जातो तर मोबाईलवर गाणी लावून, हातात काठी घेऊन जातो, आणि हिला त्याच्याच मागं जायचंय. ह्यात करिअर आहे का?

उत्तर : दादा, तुम्ही ज्याला भिता त्याचा अभ्यास तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातच झालाय, वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी केलाय तो. आधी जुन्नरला 2001 ते 2003 च्या दरम्यान पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात धरून लांब जंगलात सोडले, सगळ्यांना वाटलं सुटलो, पण जिथं सोडले तिकडं हल्ले उलट वाढले. मग अकोल्यात शेताशेतात कॅमेरे लावले तर 100 चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले, तेही भरवस्तीत, उसात! आणि खातात काय, तर विष्ठा गोळा करून, धुवून, त्यातले केस तपासले, तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त कुत्री, वजनानं जवळपास 40 टक्के. (आपल्याला वाटतं शेळ्याच.)

2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या, 'आजोबा' नाव त्याचं, कुठं जातो ते कळणारी कॉलर गळ्यात लावून माळशेजला सोडला, तर गडी महिन्याभरात सव्वाशे किलोमीटर चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात, वाटेत हायवे, रेल्वे सगळं पार केलं आणि कुणाला ओरखडाही नाही. दोनेक वर्षांनी हायवेवर गाडीखाली गेला बिचारा.

तर काम हे असं आहे. टीव्हीवर दाखवतात तसं जीपमध्ये बसून बघत राहणं फार थोडं, बाकी लोकांच्या ओट्यावर बसून शेळी कधी गेली, कुठून गेली हे विचारणं, आणि मग कंप्युटरवर आकडेमोड. मुलीला स्टॅटिस्टिक्सचा कंटाळा असेल तर आत्ताच सांगा तिला. आधी बीएस्सी करू दे, मग देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बेंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था), दोन्हीकडं ह्या विषयात एमएस्सी आहे, सीट मोजक्याच, एंट्रन्स अवघड. पैशाचं खरं सांगते, सुरुवातीची वर्षं प्रोजेक्टवरच जातात, प्रोजेक्ट संपला की पगारही संपला, डॉक्टरशी तुलना करूच नका. पण शेतकऱ्याच्या पोरीला गावात कुणाशी कसं बोलायचं हे शिकवावं लागत नाही, ते शहरातल्या पोरांना वर्षभर जमत नाही.

आणि हो, मोटरला जाताना गाणी लावता ते बरोबरच आहे, बंद करू नका.