एफआयटीसीची बाटली जुनी झाली, लेबलिंग फिकं येतंय : पावडर फेकू का?

प्रश्न असा आहे : वर्षभरापूर्वी उघडलेली एफआयटीसी (प्रथिनांना जोडायचा चमकणारा, म्हणजे फ्लुरोसंट, रंग), फॉइल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेली, तरी अँटिबॉडीवर रंग चढत नाही.

फॉइलने उजेड अडतो, पण इथे खरा शत्रू बाष्प. रेणूतला आयसोथायोसायनेट गट प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइनला पकडतो. पाणी लागलं की तोच गट मरतो, पावडर मात्र पिवळी-केशरीच राहते. त्यामुळे रंग बघून काही कळत नाही. जेल कॉलममध्ये (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीत) कळतं : जोडलेली अँटिबॉडी आधी उतरते, सुटा रंग मागून. पुढचा पट्टा फिका आणि सगळा पिवळा मागे, तर जोडणी झालेलीच नाही.

पण बाटली फेकण्याआधी बफर, म्हणजे अँटिबॉडी ज्यात विरघळलेली आहे ते द्रावण, तपासा. ट्रिस, ग्लायसिन, सोडियम अझाइड हे सगळे रंग खाऊन टाकतात, आणि स्थिरतेसाठी घातलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) स्वतःच रंगतं. आधी डायलिसिस करून (पातळ पडद्यातून बफर बदलून) अँटिबॉडी 0.1 मोलर कार्बोनेटमध्ये आणा, पीएच 9. पीएच 7 ला लायसिन बहुतांशी प्रोटॉन घेऊन बसलेलं असतं, जोडणी रेंगाळते.

प्रमाण : 2 मिग्रॅ/मिली अँटिबॉडीच्या दर मिलीला, कोरड्या डीएमएसओत (एक सेंद्रिय द्रावक) त्याच वेळी बनवलेलं एफआयटीसीचं 1 मिग्रॅ/मिली द्रावण 50 मायक्रोलिटर. पाच-पाच मायक्रोलिटर घालत हळू ढवळा, मग 4 अंशांवर अंधारात 8 तास. उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नका. जास्त रंग घालून जास्त चमक मिळेल हा भ्रम आहे. दाटीने बसलेले रेणू एकमेकांची चमक विझवतात.

नवी बाटली आणलीत तर लेबलवरचं तापमान पाळा आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्या. थंड बाटली लगेच उघडली की आत दव धरतं, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर विचारूच नका.

वजन फ्यूम हूडमध्येच करा. ही बारीक पूड श्वासातून गेली तर दम्यासारखी अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की पुढे थोडीशी पूडही पुरते. नायट्रिल हातमोज्यावर डीएमएसओ सांडलं तर मोजा लगेच बदला, ते रंगासकट कातडीतून आत शिरतं. काम झाल्यावर तराजू ओल्या टिश्यूने पुसा. न दिसलेली पूड तिथे पिवळी रेघ होऊन उमटते.