आईच्या मोतीबिंदूला रत्नागिरीत फेको सांगितलंय, पण मुलगा म्हणतो मुंबईला नेऊन लेझरनेच करू. खरंच फरक पडतो का?

फार नाही. पहिलं म्हणजे आपल्याकडे फेकोलाच सगळे 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात, पण फेकोत लेझर नसतोच, ती अल्ट्रासाउंडची सुई, डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग फोडते नि ओढून घेते. खरा लेझर म्हणजे फेम्टोसेकंद, माणसावर पहिल्यांदा 2008 ला बुडापेस्टला वापरला, तो बुबुळावरचा छेद, भिंगाच्या पिशवीला पुढून गोल भोक आणि भिंगाचे तुकडे एवढंच करतो, पुढे तुकडे काढायला नि नवीन लेन्स बसवायला डॉक्टरचाच हात लागतो, म्हणजे फेकोची सुई आलीच. गोल भोक अगदी मापात पडतं हे मान्य, पण फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांत शेवटी दिसण्यात विशेष फरक आला नाही, खर्च मात्र जास्त.

आणि आपल्याकडची म्हातारी माणसं मोतीबिंदू पांढराफेक होईपर्यंत थांबतात ना, तशा डोळ्यात लेझर आत नीट पोचतच नाही, बाहुली मोठी होत नसेल तरी अडचण. आमच्या काकांचं साधं फेकोच झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ओटीवर बसून माडाच्या झावळ्या मोजत होते, काकी म्हणाली आता माझ्या भाकरीतले डाग पण दिसणार ह्यांना 😄

डॉक्टर रोज फेको करणारा आहे का ते बघा, वाचलेले पैसे चांगल्या लेन्सला घाला. मुंबईला नेलंत तर तपासणीच्या फेऱ्या पण तिकडेच, ते पावसाळ्यात घाटातून कोण करणार?