शिडी, नांगर आणि शवपेटी

प्रश्न : फोंड्याच्या घराचा माळा साफ करताना आजोबांच्या ट्रंकेत दोन फ्रेमा सापडल्या, आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. एकीत काळी-पांढरी फरशी, तीन खांब, आभाळात जाणारी शिडी, तिच्यावर क्रूस आणि नांगर. दुसरीत चक्क शवपेटी नि कवटी! आई म्हणते करणीबिरणी असेल, नदीत सोड. शेजारचे पात्राव म्हणतात इगर्जीतलं, चर्चमधलं असणार. काय समजायचं?

उत्तर : आईंना सांगा करणीच आहे, पण गवंड्याची! हे फ्रीमेसन लोकांचे ट्रेसिंग बोर्ड. मेसन म्हणजे गवंडी, आणि गवंडीकामातल्या खुणा वापरणारी ही एक जुनी, गुपितं पाळणारी संघटना. त्यांच्यात तीन डिग्र्या, म्हणजे पायऱ्या, प्रत्येकीचं एक चित्र, नव्या मेंबरला त्याच्यासमोर एकेक खूण समजावायची. मधलं, गोल जिन्याचं, तुमच्याकडे दिसत नाही, ट्रंकेत तळाशी बघा. पूर्वी इंग्लंडात हे लोक गुत्त्यांवर जमायचे तेव्हा खडूनं जमिनीवरच काढायचे आणि बैठक संपली की पुसायचे, म्हणजे आपली रांगोळीच की, मग कापडावर आलं, मग फळ्यावर. चित्रकार जॉन हॅरिसची १८४५ची लंडनची डिझाइनं अजून चालतात.

शिडी बायबलमधल्या याकोबची. क्रूस म्हणजे श्रद्धा, नांगर म्हणजे आशा, तिसरी खूण दानाची. खांब शहाणपण, बळ नि सौंदर्याचे. पण मला आवडतात ते खाली कोपऱ्यातले दोन दगड, एक ओबडधोबड, एक घडवलेला. खाणीतनं काढलेला चिरा आणि तासून भिंतीत बसेल असा चिरा, हे गोंयच्या माणसाला वेगळं काय सांगायचं, नवा मेंबर म्हणजे तो न तासलेला.

शवपेटी तिसऱ्या डिग्रीची. बायबलमधल्या सॉलोमन राजाचं देऊळ बांधणारा हायरम अबिफ, गुपित फोडत नाही म्हणून त्याच्याच तिघा कामगारांनी त्याला मारला अशी त्यांची कथा. जवळ फांदी असेल बघा, ती अकेशियाची, आपल्या बाभळीच्या भावकीतली, पुरलेली जागा तिच्यावरनं सापडली.

पात्रावांचं मात्र चुकलं. १७३८ सालीच पोप बाराव्या क्लेमेंटनं कॅथलिकांना मेसन व्हायला बंदी घातली, आणि १९३५ला हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालनं गुप्त संस्थांवरच बंदीचा कायदा आणला. फ्रेमा भिंतीवर न लागता ट्रंकेत का गेल्या त्याचं कारण हे असू शकतं, किंवा आजोबांनी त्या चोरबाजारात नुसत्या आवडल्या म्हणून घेतल्या असतील, चित्र सापडलं म्हणजे माणूस मेसन होता असं नाही. मागचा पुठ्ठा हळू सोडवून लॉजचं, म्हणजे मेसनांच्या शाखेचं, नाव, नंबर काही आहे का बघा, आणि पावसाच्या आधी माळ्यावरनं खाली आणा, बुरशी धरेल.