इतिहास शिकण्यासाठी कोथरूडचा फ्लॅट विकावा का?

ताई, तुमच्या पत्रातला पेच थोडक्यात असा: मुलीला इतिहास शिकायचाय. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि शिष्यवृत्ती वजा जाता तिथे वर्षाला 62,000 डॉलर भरावे लागतील. ती मात्र म्हणते, फ्रीमॉन्टला घरीच राहून दोन वर्षं ओलोनी हे कम्युनिटी कॉलेज (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्वस्त सरकारी कॉलेज) करते आणि मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्स्फर घेते. ‘आधीच आर्ट्स, त्यात कम्युनिटी कॉलेज’ हे तुमच्या यजमानांना पटत नाही. खासगी कॉलेजसाठी कोथरूडचा फ्लॅट विकायची त्यांची तयारी आहे. 529 खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) 1,10,000 डॉलर आहेत आणि घरचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आसपास.

मुलीचं ऐका. तिने फार समंजस पर्याय निवडलाय.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (कोर्स मोजायचं एकक) 46 डॉलर फी पडते. वर्षाला 30 युनिट घेतली तर 1,380 डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना अनेक कम्युनिटी कॉलेजं दोन वर्षं हीसुद्धा माफ करतात. पुस्तकं, प्रवास, किरकोळ फी धरून वर्षाला 4,000 समजू. पुढची दोन वर्षं यूसीत, राहण्याजेवण्यासह वर्षाला 45,000 धरू. चार वर्षांचे झाले 98,000, म्हणजे 529 मध्येच भागलं. खासगी कॉलेजचे होतात 2,48,000. हातातले पैसे संपल्यावरही 1,38,000 कमी पडतात. आणि यूसीच्या पदवीवर पहिली दोन वर्षं कुठे काढली हे लिहिलेलं नसतं.

इतिहासासारख्या विषयाला हा मार्ग विशेष सोयीचा आहे. इंजिनिअरिंगला ट्रान्स्फर घ्यायचं तर गणित आणि फिजिक्सची लांबलचक साखळी ठरलेल्या क्रमाने पुरी करावी लागते, एक कोर्स चुकला की वर्ष लांबतं. इतिहासाला पहिल्या दोन वर्षांत सक्तीचे कोर्स मोजके असतात. त्यामुळे तत्त्वज्ञान, साहित्य, एखादी नवी भाषा करून बघायला जागा राहते, आणि मधेच मन बदललं तर फार काही बुडत नाही. शिवाय कम्युनिटी कॉलेजातल्या प्राध्यापकांचं मुख्य काम शिकवणं हेच असतं. वर्ग लहान असतात आणि निबंध वाचून त्यावर बोलणारं माणूस समोर असतं. लिहायला शिकणाऱ्या मुलीसाठी हे मला फार मोलाचं वाटतं.

यजमानांची काळजी मात्र मी उडवून लावणार नाही. ट्रान्स्फर घ्यायचं ठरवून आलेली बरीच मुलं तिथवर पोचत नाहीत, किंवा दोनाची तीन-चार वर्षं करतात. म्हणून पहिल्या सत्राआधीच ट्रान्स्फर काउन्सेलरची वेळ घ्या. कोणता कोर्स कुठल्या यूसीत कशासाठी धरला जातो ते ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर बघूनच नाव नोंदवा. यूसीसाठी ट्रान्स्फर होणारी 60 सेमिस्टर युनिट लागतात. ठरलेले कोर्स आणि ग्रेड असतील तर डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एका कॅम्पसची लेखी प्रवेशहमी मिळते. तो अर्ज ट्रान्स्फरच्या आदल्या सप्टेंबरात करायचा असतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत. तिथे अर्ज जरूर करावा, पण भिस्त ठेवू नये.

तुमची मुलगी इथलीच नागरिक आहे. ज्यांची मुलं एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर आहेत त्यांनी हे गणित जसंच्या तसं उचलू नये. एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि तेव्हा मूल यूसीत नुकतंच रुळलेलं असतं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर रहिवाशांच्या फीची सवलत सुटली तर फी काही पटींनी वाढते. इमिग्रेशन वकिलाशी आधी बोला.

आता नोकरीचं. इतिहासाच्या पदवीवर सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी असतो, हे मान्य करूनच बेत आखायला हवा. अनेक जण पुढे कायदा, शिक्षकी किंवा एमए करतात, आणि खरा खर्च तिथे येतो. म्हणून बाविसाव्या वर्षी तिच्या डोक्यावर कर्ज नसणं मला कॉलेजच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. 529 मध्ये काही उरलंच तर ते पुढच्या शिक्षणाला चालतं. तुमचं खातं 15 वर्षांहून जुनं आहे, त्यामुळे तिची स्वतःची कमाई सुरू झाल्यावर वार्षिक मर्यादेत, एकूण 35,000 डॉलरपर्यंत रक्कम तिच्या रॉथ आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातही वळवता येते.

फ्लॅट राहू द्या. अनिवासी म्हणून विकताना खरेदीदार टीडीएस कापतो, दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के आणि वर सेस लागतो, तोच नफा अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो. शिक्षणाच्या घाईत हे करू नका.

कराची एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट ही कॉलेजच्या खर्चावरची करसवलत एका विद्यार्थ्यासाठी चारच करवर्षं मिळते, वर्षाला जास्तीत जास्त 2,500 डॉलर, आणि चार वर्षांचं कॉलेज पाच करवर्षांत पसरतं. पहिल्या करवर्षात एकाच सत्राची नाममात्र फी असते, ते वर्ष सोडून द्या. यूसीच्या काळात दरवर्षी फीचे पहिले 4,000 डॉलर 529 ऐवजी खिशातून भरा, कारण एकाच खर्चावर दोन्ही सवलती घेता येत नाहीत. फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज दरवर्षी भरा. यूसीला गेल्यावर तुमच्या उत्पन्नात राज्याची मिडल क्लास स्कॉलरशिप बसू शकते, आणि त्यासाठी हाच अर्ज 2 मार्चपर्यंत जायला हवा.