महिना खरंच ‘नेहमीपेक्षा गरम’ होता का, हे कसं ताडून बघायचं?

तुम्ही विचारलंय, ‘गेला महिना नेहमीपेक्षा फार गरम गेला असं घरात सगळे म्हणतात. जुन्या नोंदींवरून ते खरं-खोटं कसं करायचं?’ मी नऊ वर्षं रोज सकाळी तापमापकाचा आणि पर्जन्यमापकाचा आकडा वहीत टिपतो, त्यामुळे हा उद्योग बऱ्याचदा केलाय.

आधी ‘नेहमी’ म्हणजे काय ते ठरवा. मनातलं ‘नेहमी’ बहुधा मागच्या दोन-तीन वर्षांचंच असतं. जागतिक हवामान संघटना सलग 30 वर्षांची सरासरी धरते. सध्याचा कालखंड 1991 ते 2020. जुन्या तक्त्यांत 1961 ते 1990 सापडेल. तोच महिना जुन्या तक्त्याशी लावला की चांगलाच गरम दिसतो आणि नव्याशी लावला की जेमतेम, कारण मधल्या काळात बहुतेक ठिकाणी सरासरीच वर सरकलीय.

मग जवळच्या वेधशाळेचे त्याच महिन्याचे तीसही वर्षांचे आकडे मिळवा. नुसती सरासरी पुरत नाही. समजा, तुमचा महिना दीड अंशाने वर आहे. तीसपैकी आठ वर्षं त्याहून गरम असतील तर त्यात विशेष काही नाही. एखादंच असेल तर घरचे म्हणतात ते खरं. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, काढता येतं, पण मी आपला आकडे चढत्या क्रमाने मांडतो आणि आपला महिना कितव्या जागी बसतो ते बघतो.

पावसाचं गणित मात्र फसवं. माझ्या वहीत एका महिन्यात 140 मिलिमीटर पाऊस आहे, सरासरीच्या अगदी जवळ. पण त्यातला 96 एकाच रात्री पडला आणि बाकी 22 दिवस ठणठणीत कोरडे! कुंडीतल्या रोपांना ती सरासरी कोण सांगणार? शिवाय दोन-चार धो-धो वर्षं पावसाची सरासरी वर ओढतात, म्हणून पावसाला मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, बरा.

घरच्या तापमापकावर फार विसंबू नका. वेधशाळेत तो पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो. माझा सुरुवातीला पश्चिमेच्या भिंतीवर होता. ती दोन वर्षं मी खोडून टाकलीत. चूक मोठ्यांचीही होते. लिबियातल्या अल अझिझियाची 1922 सालची 58 अंशांची नोंद कित्येक दशकं जगातला उच्चांक म्हणून मिरवत होती. नवख्या निरीक्षकाने आकडा चुकीचा वाचला असावा, या निष्कर्षावर 2012 मध्ये जागतिक हवामान संघटनेनं ती रद्द केली.

आणि हो, कमाल-किमान वेगवेगळं ताडा. दुपारी पारा नेहमीइतकाच चढलेला असतो, पण रात्री उतरतच नाही. झोप उडाली की महिना ‘भयंकर गरम’ होतो. तुमच्या बाबतीत मी आधी किमान तापमानाचाच रकाना उघडेन.