वडिलांवर बरंच कर्ज आहे, घरात कमावणारा मी एकटाच. आधी कर्ज फेडू की भविष्यासाठी बचत सुरू करू?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: 'नक्की किती देणं आहे ते बाबा सांगत नाहीत आणि विचारायला जीभ रेटत नाही.' मी लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. आकडाच माहीत नसेल तर फेडणंही अंधारात आणि बचतही अंधारात.

२०१२ मध्ये आमच्या घरात हेच चाललं होतं. बाबांचा धंदा त्याआधी दोन वर्षं बसला होता. दादा नोकरीत होता, मी नुकतीच लागले होते. दोघंही पगारातले जमतील तेवढे पैसे बाबांच्या हातात ठेवायचो. ते पुढे कुठे जातात हे विचारायचं नाही, हे कोणी न सांगताच ठरलेलं. बाबांचा फोन वाजला की ते गॅलरीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. काचेतून फक्त त्यांची पाठ दिसायची.

एका रविवारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, कोणाकोणाचं किती आणि व्याज काय, एकदा सगळं लिहून काढू या." दादा ताडकन उठला. "या वयात त्यांची उलटतपासणी घेणार आहेस का?" बाबा काही बोलले नाहीत. वही ओढून लिहायला लागले. त्यांचं अक्षर एरवी टपोरं. त्या दिवशी इतकं बारीक की मला वाकून वाचावं लागलं. पाच नावं झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हा आई आत गेली, कपाटाच्या कप्प्यात अंथरलेल्या कागदाखालून एक पावती काढली आणि वहीवर ठेवली. दागिने गहाण टाकल्याची पावती होती ती. आम्हा दोघांना तोवर पत्ताच नव्हता. बाबांनी टोपण परत काढलं, पावतीतला आकडा उतरवला आणि त्याखाली आणखी दोन नावं लिहिली.

दादा आजही म्हणतो की मी त्या दिवशी बाबांचा अपमान केला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. त्यानंतर बाबा फोन घरात बसून घ्यायला लागले. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. तुम्हीही विचारा. एकट्याने जमत नसेल तर आईला शेजारी बसवा. बऱ्याचदा तिला सगळ्यात जास्त माहीत असतं.

खरं भांडण पुढे झालं, आधी कोणाचं फेडायचं यावरून. दादाचं म्हणणं, काकांचं आधी. नात्यात तोंड दाखवायला जागा हवी. काकांच्या पैशांना व्याज शून्य होतं. दुसरीकडे सावकाराचं शेकडा तीन, तेही महिन्याला, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ऐकायला तीन हा आकडा लहान वाटतो. व्याज थकून मुद्दलात चढत गेलं तर शंभराचे वर्षभरात जवळजवळ १४३ होतात आणि दोन वर्षांत दुपटीहून जास्त. आणखी एक कर्ज 'फक्त १२ टक्के, फ्लॅट' असं सांगून दिलेलं, वर्षभराच्या हप्त्यांवर. फ्लॅट म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. हिशेब मांडला तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे मी वहीत मांडून दाखवलं, तरी दादाने चार महिने स्वतःचा वाटा काकांनाच दिला. त्या चार महिन्यांत सावकाराचं मुद्दल एका पैशानेही हललं नाही. मी स्पष्टच लिहिते: ज्याचं व्याज सगळ्यात जास्त, त्याचं आधी. बाकीच्यांना ठरलेला हप्ता द्या आणि वरचा प्रत्येक पैसा त्या एकाकडे वळवा.

शेवटी मी माझ्या पगारावर बँकेचं कर्ज काढून सावकाराचं एकरकमी मिटवलं. व्याज निम्म्याहून खाली आलं. दादा तेव्हाही विरोधात होता.

एक चूक मात्र माझीच झाली, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. पहिल्या वर्षी मी हातात काहीच ठेवलं नाही, सगळं कर्जात घातलं. मग आईचं ऑपरेशन निघालं आणि आम्ही त्याच सावकाराच्या दारात, त्याच दराने. म्हणून आधी कर्ज की आधी बचत असं नाही. आधी महिन्या-दोन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात बाजूला काढा, त्याला हात लावू नका. मग महागडं कर्ज झपाट्याने संपवा. ते चालू असताना शेअर, फंड यांच्या नादी लागू नका. वर्षाला ३६ टक्के खात्रीने देणारी गुंतवणूक नसते, पण ३६ टक्क्यांचं कर्ज फेडलं की तेवढे पैसे खात्रीने वाचतात. घराचं वगैरे स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज असेल तर त्याच्या जोडीने बचत चालू शकते. आरोग्य विमा सगळ्यांचा घ्या. आणि तुम्ही एकटेच कमावते आहात, तर तुमचा साधा मुदतीचा आयुर्विमा (टर्म इन्शुरन्स) आजच पाहा.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. नवीन कर्ज काढून जुनं मिटवणं तेव्हाच करा, जेव्हा जुनं खरंच बंद होणार असेल आणि नव्याचा हप्ता पगारात बसत असेल. नाहीतर दोन्ही गळ्यात पडतात. कोणाच्याही कागदावर जामीनदार म्हणून सही करू नका, मूळ माणसाने भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होते. वडिलांचं कर्ज मुलाचं आपोआप होत नाही. सहसा वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही फेडताय ते बाबांवरच्या मायेपोटी, हे स्वतःला माहीत असू द्या. व्याजही निघत नसेल इतका पगार अपुरा असेल, तर माझा क्रम उपयोगाचा नाही. ज्याने कर्ज दिलंय त्याच्यासमोर बसून मुदत वाढवून मागा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. शेवटचा हप्ता दिल्यावर ना-देय दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असं लिहून दिलेला कागद, आणि सही करून दिलेले कोरे चेक मागून घ्या. आमचे दोन चेक आठ महिने अडकले होते.

आणि काकांबद्दल. त्यांचं सगळ्यात शेवटी, २०१८ मध्ये फिटलं. क्रम बरोबर होता असंच मी म्हणेन, पण त्यांना ते कोणी सांगितलंच नाही. आपल्याला गृहीत धरलं असं त्यांना वाटत राहिलं, आणि यात दादाचं बरोबर आहे. तुमच्याकडेही कोणा नातेवाइकाचे बिनव्याजी पैसे असतील तर या आठवड्यात त्यांना स्वतः फोन करा. तुमचे पैसे बुडणार नाहीत, पण शेवटी मिळतील, साधारण अमुक साली, असं सांगा. बाबांना करायला लावू नका.